मधल्या दारातली तांब्याची नाणी

मोठे बाबा,

ही हाक मुलांची आहे, मी ती उसनी घेतली आहे. तुम्हाला हाक मारायला माझ्याकडे माझा असा शब्दच नाही. सासूला आई म्हणायचं, दिराला भाऊजी म्हणायचं, हे मला लग्नाआधीच शिकवलं होतं. भासऱ्याला काय म्हणायचं ते कोणी शिकवलं नाही, कारण भासऱ्याशी बोलायचंच नसतं. नवऱ्याचा थोरला भाऊ समोर आला की पदर पुढे ओढायचा, बाजूला व्हायचं, त्याच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. दवनीवाड्याच्या या घरात मी इतकी वर्षं तुमच्यापुढे ताट सरकवलं, तुमची धोतरं वाळत घातली, तुमच्या दुकानातल्या डाळीला कीड लागली तेव्हा तिला ऊन दिलं, आणि तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. आता तेरवी होऊन गेली. हरकत घेणारं कोणी उरलं नाही आणि ऐकणारंही नाही. तरी बोलते, कारण एक गोष्ट अर्धी राहिली आहे.

तुम्ही किती भले होता, किती शांत होता, ते तेरवीला आलेल्यांनी सांगून झालं. भले होता, हे खरं. शांत मुळीच नव्हता. माझ्याशी तर तुम्ही सारखे भांडत होता. फक्त ते भांडण आईंच्या तोंडून जायचं, म्हणून लोकांना कळलं नाही.

आई, म्हणजे तुमची आई आणि माझी सासू, आपल्या दोघांच्या मधे बसायच्या. तुम्ही हाताच्या अंतरावर जेवायला बसलेले, आणि मी चुलीपाशी पाठ करून म्हणायची, "आई, त्यायले सांगा, भाजीत मीठ कमी असन तं मागून घ्या."

"ऐकलं का रे? मीठ."

"ऐकलं. सांग तिले, बराबर हाय."

"बराबर हाय म्हन्ते वं."

जणू तुमचं मला ऐकूच आलं नव्हतं!

नवे पैसे आले तेव्हा हे नाण्यांचं सुरू झालं. दुकानात रोज वाद व्हायचे. आण्याचे सहा नवे पैसे घ्यायचे की वरचा चतकोर कोणाच्या खिशातून जायचा, यावर तंबाखूच्या पुडीसाठी माणसं अर्धा तास उभी राहायची. त्या गोंधळात तुम्ही जुनी तांब्याची नाणी बाजूला टाकू लागलात. मला वाटलं, मोड ठेवताय. मग एक दिवस पाहिलं तर तुम्ही ओसरीत पोतं अंथरून नाणी मांडून बसला होतात आणि एकेक उचलून उजेडाकडे धरत होता. शिकवणारं कोणी नव्हतं. तुमचे तुम्हीच वाटण्या केल्या: कंपनीची सिंहवाली, वेणी घातलेल्या राणीची, टकल्या राजाची, दाढीवाल्या राजाची. लढाईच्या दिवसांत निघालेले भोकाचे पैसे तुम्ही वेगळे काढून फेकून दिलेत. ते नाणं नाही, वायसर आहे, असं तुमचं मत. ते मी उचलले. माझ्या दोन्ही मुलग्यांच्या करदोड्यात भोकाचा पैसा होता, त्याला वायसर म्हटलेलं मला पटलं नव्हतं.

तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, बांधावरून आले आणि ओसरीतच थबकले.

"दादा, इंग्रज गेला अन् तुमी त्याची राणी घरात आनून रायले. कायले?"

"राणी नाई रे शामा. तांबं पाह्य. असं तांबं आता नाई येत."

"तांबंच पाहाचं तं घागर पाहा ना. घागरीत पानी तरी रायते."

त्या वर्षीच्या दसऱ्याला तुम्ही तराजू, वजनं, नांगराचा फाळ धुतलात आणि त्यांच्याबरोबर नाणीही चिंच आणि राख लावून घासलीत. नाणी गुलाबी झाली, नुकत्या न्हायलेल्या लेकरासारखी. तुम्ही ती ताटात मांडून दुकानात ठेवलीत. मला राहवलं नाही.

"आई, त्यायले सांगा, नाणं घासू नोका. माह्या लगनातल्या पान्याच्या गुंडीवर मामाचं नाव होतं. घासू घासू नाव गेलं."

"सांग तिले, देवाचं तांबं घासल्याबिगर कोनी ठेवत नाई."

"सांगा त्यायले, देवाच्या तांब्यावर साल नाई रायत."

आई वैतागल्या. "मले मधात कायले कुटता दोघं? उखळ हाय का मी?"

 दिवाळीपर्यंत त्या गुलाबी नाण्यांवर हिरवे ठिपके आले, कारण चिंच नीट धुतली गेली नव्हती. एका सकाळी चिंचेचं मडकं ओसरीतून परत माझ्या फळीवर आलेलं दिसलं. हार कबूल करायची तुमची तीच पद्धत होती.  त्याच आठवड्यात मी मार्किनच्या कापडाचा तुकडा काढला, त्याची खळ जाईपर्यंत धुतला, कारण खळ राहिली की कसर लागते, आणि नाण्याएवढ्या थैल्या शिवून कोनाड्यात ठेवून दिल्या. चुलीवरच्या माळ्यावर धूर बसतो आणि धानाच्या कोठीजवळ ओल असते. म्हणून मधल्या भिंतीतलं कपाट रिकामं केलं आणि तळाशी वाटीत कळीचा चुना ठेवला. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाण्यासारखं वाहतं, तिथे तांब्याची काय कथा. तुम्ही प्रत्येक थैलीत एक नाणं घातलंत. कपाट तुमचं झालं. चुना बदलायचं काम माझं राहिलं.

मग आई गेल्या. त्यांच्या मागे घरात मोठी पोकळी झाली, ती झालीच, पण आपल्या दोघांची जीभही त्यांच्याबरोबर गेली. मुलं शाळेत, हे शेतावर. तुम्ही ओसरीत, मी माजघरात, मधे एक दार. काही दिवस तुम्ही गाईशी बोललात. "कपिले, आज चहा नाई भेटन का?" मी चहा आणून उंबऱ्यावर ठेवायची. पुढे केव्हातरी तुम्ही सरळ दाराकडे तोंड करून विचारलंत, "रॉकेल संपलं का?" माझ्या हातात परात होती. हात हलला, बांगड्या वाजल्या. तुम्ही "बरं" म्हणालात आणि डबा घेऊन निघालात. तेव्हापासून बांगड्या वाजल्या की हो आणि दाराची कडी वाजली की नाही. ठरवलं कोणीच नाही. पण तुम्ही प्रश्न विचारण्यात पटाईत झालात. "जेवायला काय आहे" असं कधी विचारलं नाही. "वांगी हाय का?" कडी. "मंग भेंडी?" बांगड्या.

नाणी थैलीत होती तोवर घरात शांतता होती. पण थैलीतलं नाणं कोणाला दिसत नाही, आणि तुम्हाला ती दाखवायची होती. नवशिक्या माणसाला तीच घाई असते. चिचगडकडून एक माणूस लाख, डिंक, हिरडा घेऊन बाजारला यायचा आणि तुमच्या दुकानातून मीठ-तेल न्यायचा. त्याच्याकडून तुम्ही लाख घेतलीत, दिव्यावर वितळवलीत आणि सागाच्या पाटीवर नाणी चिकटवलीत, मुखवटे वर करून. पाटी ओसरीत दारासमोर टांगलीत. आता आल्यागेल्याला पहिलं दर्शन राणीचं!

यांचा भडका उडाला. "झेंड्याच्या दिवशी मी शाळेत भाषन देतो अन् माह्या घरात राणी भिताडावर! उलट्या करा त्या."

"उलट्या कशा होतीन? लाखेनं बसवल्या."

"मंग पाटी काढा."

"पाटी माही हाय."

त्यानंतर दोघा भावांनी बोलणं टाकलं. ज्यांना एकमेकांशी बोलायची मुभा होती ते मुके झाले आणि निरोप न्यायचं काम कोणाकडे आलं, तर जिला तुमच्याशी बोलायची बंदी तिच्याकडे.

"सांग त्यायले, पाटी काढा."

"माह्यानं बोलता येते का त्यायच्याशी?"

"मंग बांगड्या वाजव!"

"बांगड्याईनं 'पाटी काढा' कसं म्हनू? तुमीच वाजवून दाखवा."

ओसरीतून तुमचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मला राणीचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. मला एवढंच दिसत होतं की नाण्याला दोन बाजू असतात आणि तुम्ही त्यातली एक लाखेत बुडवली. साल, अक्षरं, वेलबुट्टी, सगळं पाटीच्या पोटात. आणि त्या एका पाटीपायी घरात दोन माणसं आपापल्या ताटाकडे बघून जेवत होती. म्हणून मी सुताराला बोलावलं. सुताराशी बोलायला मला बंदी नव्हती. त्याला सांगितलं, नाण्याच्या जाडीची पातळ फळी घे, प्रत्येक नाण्याच्या मापाचं आरपार भोक पाड, दोन्हीकडून काच लाव. म्हणाला, होईल, पण नाणी सुटणार कशी? लाख तापवून ओढली तर नाणी काळी पडतात. इस्पिरिट पाहिजे. इस्पिरिट गोंदियाला. नाहीतर मोहाची, पहिल्या धारेची.

आपल्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. मी त्या चिचगडच्या माणसाकडे मागितली तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. घासलेटच्या बाटलीत घालून दिली. मी मातीच्या पसरट भांड्यात पाटी पालथी घातली, दारू ओतली आणि वर ताट झाकलं. लाख मऊ पडून सुटायला लागली. वास मात्र ताटाखाली राहीना. हे संध्याकाळी दारात आले आणि नाक फुगवून उभे राहिले.

"घरात दारू कोन पेलं?"

"राणी," मी म्हटलं.

 मग यांना हसू फुटलं आणि कित्येक दिवसांनी ते ओसरीकडे वळून ओरडले, "दादा! तुमची राणी पेते?"

"पेते रे," तुम्ही ओसरीतून म्हणालात, "तवाच तं राज्य गेलं."

त्या दिवशी तुम्ही दोघं एका ओळीत जेवलात.

चौकट मधल्या दाराच्या वरच्या झरोक्यात बसली. ओसरीकडून मुखवटे, माजघराकडून सालं. राणी तुमच्याकडे, वर्ष आमच्याकडे. यांची झेंड्याची अडचणही मिटली, कारण हे आत बसतात. मी मुलीच्या पुस्तकातून इंग्रजी आकडे शिकून घेतले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुम्ही तुमच्या बाजूनं विचारायचात, "दुसऱ्या रांगेतली तिसरी, बासष्ट?" कडी. "सत्तर?" कडी. "आता तं शहात्तर असन." बांगड्या. काच पुसायची तर दोन्हीकडून पुसावी लागे. तुमची बाजू तुम्ही पुसायचात, माझी मी. आपल्या दोघांमधे त्याहून मोठं संभाषण कधी झालं नाही, आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

खालच्या रांगेत सुतारानं एक भोक जास्त पाडलं होतं. त्यात मी भोकाचा पैसा बसवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "हे वायसर कोनं लावलं?" या प्रश्नाला बांगडीही चालत नव्हती आणि कडीही.  तुम्ही ते काढलं नाहीत. पण नाणं म्हणून मानलंही नाहीत. रांगा मोजताना ते सोडून मोजायचात. तो वाद तसाच राहिला. माझं मत बदललेलं नाही.

या हिवाळ्यात तुमची छाती भरली. हे डॉक्टरला आणायला गोंदियाला गेले. घरात तुम्ही आणि मी. तुम्ही पाणी मागितलंत. मी नेहमीसारखा पेला स्टुलावर ठेवला आणि मागे सरले. तुमचा हात पेल्यापर्यंत पोचेना. मग मी आले, पदर ओढून घेतला आणि पेला तुमच्या तोंडाला लावला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. माझी अडचण होऊ नये म्हणून मिटलेत. पाणी पिऊन होईस्तोवर उघडले नाहीत. तुमच्याबद्दल मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन.

मी दाराआड परतले तेव्हा तुम्ही विचारलंत, "माह्या मागं हे तांबं भट्टीत नाई जानार ना?"

मी बांगड्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, तुम्हाला शंका राहू नये म्हणून.

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि भिंतीकडे कूस वळवलीत.

मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले आणि सूप हातातच राहिलं. आजवर तुम्ही प्रश्न सरळ विचारायचात. हा पहिलाच प्रश्न तुम्ही उलटा विचारलात. माझा हो म्हणजे, "हो, नाही जाणार." पण बांगडीला एवढं कुठे बोलता येतं? ऐकणाऱ्याला तो हो असाही लागतो की, "हो, जाणार." कडी वाजवली असती तरी तोच घोळ. मी उठून दारापाशी गेले. तुमचा डोळा लागला होता. तुम्ही जागे व्हाल, पुन्हा विचाराल, म्हणून थांबले. तेवढ्यात हे डॉक्टरला घेऊन आले, पाठोपाठ शेजारी आले, ओसरी भरून गेली आणि मला आत जावं लागलं. रात्रीतून तुमचा आवाज गेला. उजाडता उजाडता तुम्ही गेलात.

तेरवीच्या आधी घरात माणसं जमली. दानात तांब्याचा गडवा द्यायचा होता. हे म्हणाले, "दादाचंच तांबं हाय. तांबटकाराकडून त्याचाच गडवा करू, दादाच्या नावानं." यांच्या मनात खोट नव्हती. भावाची वस्तू भावाच्या कामी यावी, एवढाच विचार. पोक्त माणसांनी माना डोलावल्या.

मी दारातून बाहेर आले आणि म्हटलं, "नाई. ते तांबं भट्टीत नाई जात."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हे म्हणाले, "अवं, तूच तं हो म्हटलं. मी डॉक्टरले घेऊन आलो तवा दादानं मले सांगतलं. म्हने, तिले भट्टीचं विचारलं, तिनं हो म्हटलं."

मी विचारलं,  "कसं म्हटलं त्यायनं? समाधानानं, का तोंड पाडून?"

"आता मी काय सांगू? आधी पानी मागतलं, मंग हे म्हटलं. पानी मागनाऱ्याचं तोंड पडलंच रायते."

"आठवा जरा."

"काय आठवू?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुह्या बांगड्याईचा अर्थ तुलेच ठावा. तू म्हन्ते नाई, तं नाई."

हे स्वतः बाजारात गेले आणि नवा गडवा घेऊन आले. चौकट झरोक्यातच आहे. थैल्या धुऊन कपाटात ठेवल्या आहेत, वाटीतला चुना कालच बदलला. तुमच्या बाजूची काच आता हे पुसतात. परवा राणीवरून फडकं फिरवताना म्हणाले, "दादा ईच्यात काय पाहे, समजलं नाई." पण पुसली नीट, कोपरे सोडले नाहीत.

आणि एक ठरवलं आहे, तेही सांगून टाकते. आपल्या घरात दोन मुलगे आहेत. उद्या धाकट्याची बायको येईल, तिला थोरला भासरा लागेल. तिनं त्याच्याशी तोंडानं बोलावं. गावाला जे म्हणायचं ते म्हणू दे. यांना सांगितलं, तर हे नुसते "हूं" म्हणाले. त्या हूंचाही अर्थ मी तिथल्या तिथे विचारून घेतला.

तुम्ही "बरं" म्हणालात, ते निश्चिंत होऊन म्हणालात की सोडून देऊन म्हणालात, हे मला आता कधीच कळायचं नाही. तुमचा बरं माझ्याकडे असाच राहील, मी तो सांभाळीन. माझा हो मात्र तुमच्याकडे अर्धा राहायला नको. म्हणून तोंडानं, पूर्ण वाक्यात सांगते. मोठे बाबा, तांबं भट्टीत जाणार नाही.